दुसरा स्वल्पविराम

विद्यापीठाच्या खिडकीतल्या कारकुनाने तिच्या प्रबंधाची संदर्भसूची उघडली, एका ओळीवर बोट ठेवलं आणि मान वर न करता विचारलं,

“मॅडम, हे दुसरे लेखक कोण?”

तिने चष्मा सारखा केला. वाळवीच्या वारुळांवरचा तिचा स्वतःचाच जुना लेख. आडनाव, स्वल्पविराम, तिचं नाव. इथवर ठीक होतं. पण सवयीने तिने आणखी एक स्वल्पविराम देऊन नवऱ्याचं नाव टाइप केलं होतं, आणि संदर्भ मांडून देणाऱ्या सॉफ्टवेअरने त्या टिंबाची शेपटी धरून नवऱ्याला सहलेखक करून टाकलं होतं.

“हे... आमचे हे,” ती म्हणाली.

“मग त्यांचं संमतिपत्र लागेल. लेखात वाटा काय, तेही लिहून. पाचला खिडकी बंद.”

“अहो, तो स्वल्पविराम चुकून पडलाय. पेनाने खोडते ना.”

“खाडाखोड चालत नाही.” त्याने कोरा फॉर्म सरकवला.

पुन्हा छापून बांधून आणायला दोन दिवस लागले असते, आणि मुदत आज संपत होती. मुदत गेली की नोंदणी रद्द; सात वर्षं पाण्यात.

नवरा बाहेरच्या बाकावर, उरलेल्या चार प्रतींची पिशवी मांडीवर घेऊन बसला होता. वजनमापांचा निरीक्षक. उभी हयात दुकानदारांचे काटे तपासण्यात गेलेली. सगळं ऐकून त्याने फॉर्म दोनदा वाचला.

“मी सही करणार नाही.”

“का?”

“अगं, मी यातली एक ओळ वाचलेली नाही. वाटा कसला?”

“वाचली नाहीत, हे मला काही नवीन नाही. सही करा.”

“खोटं लिहून देऊ?”

“हो! एवढंसं तर आहे. अर्ध्या ग्रॅमचं.”

“अर्ध्या ग्रॅमसाठी मी लोकांचे काटे जप्त केलेत.”

तिने डोळे मिटून घेतले. उघडले तेव्हा तो पिशवीतून एक प्रत बाहेर काढत होता.

“आहे का यात तो लेख?”

“परिशिष्टात. अकरा पानं. अहो, साडेचार वाजलेत!”

तो बोट ठेवून वाचायला लागला. एकेक ओळ, जणू प्रत्येकीचं वजन करून. पाचव्या पानावर बोट थांबलं.

“ही राणी इतकी वर्षं एकाच खोलीत?”

“हो.”

“आणि कुणी तिची विचारपूस करत नाही?”

“खायला आणून देतात,” ती म्हणाली. “विचारत नाहीत.”

त्याने तिच्याकडे पाहिलं, मग पान उलटलं.

पाचला तीन मिनिटं कमी असताना त्याने पेन मागितलं. वाट्याच्या रकान्यात ठसठशीत अक्षरांत लिहिलं: ‘वाचक. आजपासून.’ खाली सही, तारीख आणि वेळसुद्धा.

कारकुनाने काहीही न वाचता शिक्का मारला.