त्या दिवशी मी मेजावर होते

मी एक जुने, ओरखड्यांनी धुरकट झालेले झाकण आहे. मित्रांनो, झाकण म्हटले की तुमच्या डोळ्यांपुढे डबा किंवा पातेले उभे राहील. परंतु माझे स्थान स्वयंपाकघरात कधीच नव्हते. लोखंड कातणाऱ्या लेथ नावाच्या यंत्रावर मी माझे आयुष्य घालवले. त्या यंत्राला एक पोलादी पंजा असतो, कारागीर त्याला चक म्हणतात. चक लोखंडाचा तुकडा जबड्यात घट्ट धरतो आणि मिनिटाला शेकडो वेळा गरगर फिरतो. त्याच्यावर कमानीसारखे ओणवे राहायचे आणि उडणारा तप्त कीस आपल्या अंगावर घ्यायचा, हे माझे काम. माझ्या अंगावर जितके ओरखडे दिसतात, तितके प्रसंग कुणाच्या तरी डोळ्यांवरचे टळले आहेत.

माझा जन्म डेन्मार्कमधील एका तंत्रशाळेत २००१ साली झाला. सोळा-सतरा वर्षांच्या विद्यार्थ्यांनी जाड पारदर्शक प्लास्टिकचा पत्रा तापवून वाकवला, त्याला पोलादी बिजागरी जोडली आणि बिजागरीशी एक लहानसा खटका बसवला. मी पूर्ण खाली आल्यावाचून तो खटका दाबला जात नसे, आणि खटका दाबल्यावाचून यंत्र सुरू होत नसे. युरोपातील तीन शाळांनी तेव्हा एक भागीदारी केली होती. हात न गमावता हातांचे काम कसे शिकवावे, याचा त्या मिळून अभ्यास करीत. अमेरिकेतील जॉर्जिया राज्यात, अल्फारेटा गावातली एक शाळा या भागीदारीत पाहुणी म्हणून सामील झाली, आणि मला भेट म्हणून तिकडे पाठवण्यात आले.

खोके उघडणारे हात श्रीरंग गोवंडे यांचे होते. पुण्याहून तरुणपणी आलेले हे अभियंते तीस वर्षे कारखान्यात काम करून निवृत्त झाले होते आणि शाळेच्या कार्यशाळेत मुलांना यंत्रकाम शिकवीत होते. त्यांनी मला मऊ फडक्याने पुसले आणि स्वतःच्या हाताने चकवर बसवले. खंडेनवमीला ते यंत्राला हळदकुंकू वाहत. त्या वर्षी एक बोट माझ्याही कडेला लागले. मला फार धन्य वाटले.

या भागीदारीची एक रीत मला अतिशय आवडे. दर महिन्याला प्रत्येक शाळा इतर शाळांना एक पत्र लिही. त्यात झालेले आणि थोडक्यात टळलेले अपघात असत. डेन्मार्कच्या शाळेतील शिक्षिकाबाईंनी त्या पत्रांसाठी एकच नियम घालून दिला होता: कोण चुकले ते लिहायचे नाही, काय नव्हते ते लिहायचे. जमिनीवर तेल सांडून कुणी घसरले, तर घसरणाऱ्याचे नाव नको. पुसायला फडके जवळ नव्हते, एवढे लिहा. श्रीरंगकाका हा नियम विद्यार्थ्यांना मंत्रासारखा समजावून सांगत.

माझ्यामुळे टळलेला एक प्रसंगही त्या पत्रात गेला होता. चकचा जबडा आवळण्यासाठी एक जड चावी असते. काम झाले की ती काढून ठेवायची असते, आणि विसरते ती नेमकी हीच गोष्ट. एका मुलाची चावी चकमध्येच राहिली. मी खाली यायला लागले ते चावीला अडले, खटका दाबला गेला नाही आणि यंत्र जागचे हलले नाही. "झाकण होते," असे काकांनी पत्रात अभिमानाने लिहिले. विसरणे हा मनुष्याचा स्वभावच आहे. त्या स्वभावाला सांभाळून घेण्यासाठीच मला घडवले होते.

२००४ सालच्या शरदात सावनी नावाची मुलगी त्या यंत्रावर काम करू लागली. तिची आई शोभनाताई श्रीरंगकाकांना दादा म्हणत. सावनीचा हात इतका स्थिर होता की कातलेला दांडा आरशासारखा चमके. पुढच्या मे महिन्यात भागीदारीतर्फे एका विद्यार्थ्याला तीन आठवड्यांसाठी डेन्मार्कच्या शाळेत पाठवायचे होते, आणि सावनीचे नाव जवळजवळ ठरले होते. तिने त्या गावाचा नकाशा छापून आणून काकांच्या टेबलावर पसरला होता.

डेन्मार्कला पाठवण्यासाठी एक चित्रफीत करायची होती, यंत्रावर सुरक्षितपणे काम कसे करावे ते दाखवणारी. शाळा सुटल्यावर काका कॅमेरा घेऊन उभे राहिले. कार्यशाळेत ते दोघेच होते.

"सावनी, इतकं हसू नकोस. टूथपेस्टची जाहिरात नाहीये ही."

"काका, तुम्ही एक डोळा मिटून बघताय ना, म्हणून हसू येतंय!"

काकांनी कॅमेऱ्यातून पुन्हा पाहिले आणि त्यांच्या कपाळाला आठी पडली. "चक दिसतच नाही. झाकण पार धुरकटलंय. नुसतं धुकं दिसतंय."

तीन वर्षे अंगावर झेललेला कीस त्या दिवशी माझ्या आड आला. काकांनी पाना घेतला, माझी बिजागरी सोडवली आणि मला शेजारच्या मेजावर ठेवले.

"झाकणाशिवाय?" सावनी म्हणाली. "काका, इट वोन्ट ईव्हन स्टार्ट."

"होईल. दोन मिनिटांचं तर काम आहे, मी आहे ना इथे." त्यांनी खटका दाबून धरला आणि त्यावर चिकटपट्टीचे दोन वेढे दिले.

सावनीने दांडा चकमध्ये धरला आणि चावीने आवळला. तेवढ्यात काका कॅमेऱ्यामागून म्हणाले, "आता इकडे बघ, आणि इंग्लिशमध्ये सांग, काय करते आहेस ते." तिने मान वर केली, हसली, बोलू लागली आणि बोलता बोलता कळ दाबली. चावी चकमध्येच होती.

मेजावर पडल्या पडल्या मी ते पाहिले. चावी गोफणीतून सुटावी तशी सुटली आणि तिच्या उजव्या मनगटावर बसली. दोन हाडे मोडली. काकांनी धावत येऊन यंत्र बंद केले. रुग्णवाहिका येईपर्यंत ते तिच्याजवळ जमिनीवर बसून होते. तिला नेल्यावर ते परत आले, खटक्यावरची चिकटपट्टी सोलून काढली आणि मला पुन्हा यंत्रावर बसवले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी अपघाताचा फॉर्म भरला. खरे लिहिले तर भागीदारी तुटेल आणि कार्यशाळेला कुलूप लागेल, ही भीती त्यांच्या चेहऱ्यावर मला स्वच्छ दिसत होती. बराच वेळ लेखणी हातात धरून त्यांनी एकच वाक्य लिहिले: विद्यार्थिनीने चकची चावी न काढता यंत्र सुरू केले. मित्रांनो, त्या वाक्यातले एकही अक्षर खोटे नव्हते.

त्याच आठवड्यात शोभनाताई लेकीचे दप्तर न्यायला आल्या. "दादा, पोरगी काही बोलतच नाही हो. तुमच्या हाताखाली शिकून असली चूक! तुम्ही रागावू नका हं तिच्यावर."

"नाही... रागावण्यासारखं काही नाही," काका म्हणाले आणि दप्तर उचलून द्यायला वळले.

निवड समितीने तो फॉर्म वाचला आणि सावनीचे नाव निष्काळजी म्हणून वगळले. महिन्याच्या पत्रातही तेच वाक्य गेले. डेन्मार्कच्या बाईंचे दोन ओळींचे उत्तर आले. काकांनी ते मोठ्याने वाचले, कदाचित यंत्रांनाच ऐकवले असेल: "मुलीची प्रकृती कशी आहे? काय नव्हते, ते तुम्ही लिहिलेले नाही." त्यांनी पत्राची घडी केली आणि ते खणात ठेवले. त्याला उत्तर गेले नाही.

प्लास्टर निघाल्यावर सावनी एकदा लेथजवळ आली. चकमध्ये चावी नव्हती, तरी तिने तीन वेळा हात घालून पाहिले. मग कळ न दाबताच ती गेली आणि पुढच्या सत्रात तिने विषय बदलला. मी पूर्वीप्रमाणे काम करीत राहिले. काकांनी मात्र मला पुसणे सोडले. माझ्याकडे पाहणेच त्यांनी सोडले होते. पत्रे विरळ झाली आणि २००७ साली भागीदारी संपली.

२००८ च्या उन्हाळ्यात कार्यशाळा रिकामी करून तिथे संगणकवर्ग करायचे ठरले. यंत्रे भंगारात गेली. काकांनी मला सोडवून त्याच मेजावर ठेवले आणि सुट्टीला घरी आलेल्या सावनीला बोलावून घेतले. ती आता दूर सांता क्लारा शहरात उन्हाळ्यापुरत्या नोकरीसाठी जाणार होती.

"त्या फॉर्मवर मी तुझी चूक लिहिली," काका म्हणाले. "माझी लिहिली नाही."

"आय नो, काका."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही बोलाल असं वाटलं होतं. रोज वाटायचं. मग मे महिना आला, आणि ते विमान गेलं."

काकांनी चष्मा काढला. "आता लिहितो. शाळेला लिहितो, डेन्मार्कला लिहितो."

"डेन्मार्कचं राहू द्या," सावनी हळूच म्हणाली. "आईला सांगा आधी. ती अजून सगळ्यांना सांगते, आमची सावनी धांदरट आहे म्हणून. परवा माझ्या समोर सांगितलं, मी नुसती हसले."

काकांनी गाडीच्या किल्ल्या उचलल्या आणि ते तिच्याबरोबर बाहेर पडले. शोभनाताईंच्या दारात ते काय बोलले, ते मला ठाऊक नाही. मी मेजावरच होते.

मित्रांनो, श्रीरंगकाका दुष्ट नव्हते. त्यांच्याइतक्या प्रेमाने मला कुणी पुसले नाही. म्हणूनच ही विनवणी करते. यंत्रावरचे झाकण काढू नका. दोन मिनिटांसाठी नको, चांगल्या चित्रासाठी नको, सुरक्षिततेचे धडे देण्यासाठी तर मुळीच नको. आणि हातून कधी काढले गेलेच, तर त्याच दिवशी तसे सांगा. मोडलेले मनगट सहा आठवड्यांत सांधले. आपल्या लेकीला धांदरट समजण्यात एका आईची चार वर्षे गेली, ती मात्र कुणालाही परत देता येणार नाहीत.