कपाळावरची आठी

आमच्या घरात घड्याळापेक्षा माझ्या कपाळाकडे जास्त बघितलं जातं. दोन भुवयांच्या मधोमध एक आठी आहे. ती पडली की लेक लहानपणी मुकाट अभ्यासाला बसायची आणि हे बादली घेऊन झाडांना पाणी घालायला जायचे, झाडांना पाणी हवं असो वा नसो. मी काही फार रागीट बाई नाही. शिवणकामात डोळे बारीक करावे लागतात, त्यातून ती पडली आणि मुक्कामाला राहिली. हे माझं म्हणणं. घरातल्यांचं वेगळं आहे.

पुढच्या खोलीत माझं शिवणाचं दुकान, मागच्या खोलीत यांची गिटार. मधलं दार मी बंद करते आणि हे उघडतात. हे पाणीपुरवठा खात्यात होते. रस्त्याखालचा नळ नेमका कुठे फुटलाय ते शोधायचं यांचं काम. लोखंडी सळई रस्त्याला टेकवायची, दुसरं टोक कानाला लावायचं, जरा पुढेमागे सरकायचं आणि म्हणायचं, "इथे खणा." तिथेच पाणी निघायचं. खात्यात यांना सगळे 'कान' म्हणत. निवृत्तीच्या दिवशी साहेबांनी यांना तीच सळई भेट दिली. ती अजून गिटारीशेजारी भिंतीला टेकून उभी आहे.

गिटार मात्र माझ्याही आधीची. विजेवरची, लाल, कडेकडेने रंग उडालेली. पहिली काही वर्षं मी तिला सवतीसारखं वागवलं, मग आम्हा दोघींना एकमेकींची सवय झाली.

तर गेलं वर्षभर यांची एकच तक्रार. आवाज मळला. तारा बदलल्या, वायर बदलली, स्पीकरवरची बटणं या टोकाची त्या टोकाला नेली. आवाज मळलेलाच. शेवटी यांनी निदान केलं की पिकअप गेले, नवे बसवायचे.

पिकअप म्हणजे तारांखाली बसवलेली धातूची चपटी डबी, काडेपेटीहून थोडी मोठी. आत लोहचुंबक आणि केसाहून बारीक तांब्याच्या तारेचं वेटोळं. वर तार थरथरली की ही डबी ती थरथर पकडते आणि स्पीकरकडे धाडते. यांच्या गिटारीतले हंबकर जातीचे. त्यात एका डबीत दोन वेटोळी शेजारी शेजारी, एक सुलट, एक उलट. त्यामुळे आजूबाजूच्या दिव्यांची, वायरींची जी गुणगुण आत शिरते ती दोघांत मिळून मरते आणि गाणं तेवढं उरतं. हे सगळं यांनी मला जेवताना समजावून सांगितलं.

"म्हणजे एक सुलट, एक उलट, जन्मभर एका डबीत," मी म्हटलं. "संसारच की."

"हो, पण यात गुणगुण बंद होते," हे म्हणाले आणि आठी पडायच्या आत उठून हात धुवायला गेले.

यांचा चौघांचा बँड आहे. त्यात ढोल-झांजांचा सगळा संच बडवणारा माणूस दिवसा दंतवैद्य असतो. एक दिवस तो पँट न्यायला दुकानात आला. कंबर सैल करून हवी होती. मी ती करून ठेवली होती, म्हणून घालून दाखवायला सांगितली. "एकदम छान आहे वहिनी," तो म्हणाला. गिऱ्हाईक तोंडाने काय म्हणतं ते मी कधीच ऐकत नाही, आरशातला त्याचा चेहरा बघते. छान म्हणताना त्याने पोट आत घेतलं होतं. शिवाय आणखी काहीतरी होतं, जे पँटचं नव्हतं.

"वहिनी, कसं सांगू..." त्याने सुरुवात केली.

"तोंड उघडा," मी म्हटलं. "रोज दुसऱ्यांना सांगता ना?"

मग त्याने सांगितलं. यांच्या गिटारीचा आवाज हल्ली कानात सुई घातल्यासारखा येतो. गेल्या कार्यक्रमात पुढच्या रांगेतल्या लोकांनी कानात बोटं घातली. कमी कर म्हटलं की हे आवाज लहान करतात, पण तो तेवढाच टोकदार राहतो. "बाकीचे दोघं म्हणतायत, पुढच्या महिन्यात मोठं सभागृह आहे, तोवर दुसरा माणूस बघू. मी अडवून धरलंय. पण किती दिवस धरणार?"

यांना वाटतं आवाज मळलाय. लोकांना वाटतं सुई. मला काही कळेना. कळलं ते धुण्याच्या मशीनपाशी. कपडे धुऊन झाले की ते बारीक आवाजात टीं टीं करत राहतं, बंद करेपर्यंत. मी दुकानातून ओरडले, "अहो, बंद करा ते!" कोणी हललं नाही. आत जाऊन बघते तर हे मशीनला पाठ लावून खुर्चीत पेपर वाचतायत. मशीन यांच्या कानाशी किंचाळतंय आणि हे शांतपणे पान उलटतायत. ज्या माणसाने रस्त्याच्या पोटातलं पाणी ऐकलं त्याला हे ऐकू येत नव्हतं. बारीक, वरचे आवाज यांच्यापर्यंत पोचायचेच बंद झाले होते. म्हणून यांना गिटार मळकट वाटायची आणि हे ती टोकदार करत न्यायचे.

मी मशीन बंद केलं आणि काही बोलले नाही. मी न बोलणं ही आमच्याकडे बातमी असते.

न बोलायला कारण होतं. डोळ्यांच्या डॉक्टरांनी मागे यांना फक्त रात्री मोटारसायकल चालवू नका म्हटलं होतं. यांनी आठवड्याच्या आत ती देऊन टाकली. अर्धवट काही करणं यांना जमतच नाही. कान गेले म्हटलं असतं तर गिटार दुसऱ्या दिवशी खोक्यात गेली असती. आणि नाही सांगितलं तर बँडवाले यांना काढणार. इकडे आड, तिकडे विहीर. गिटार वाजवताना या माणसाचा खालचा ओठ लहान मुलासारखा पुढे येतो. तो ओठ मला आयुष्यभर बघायचा होता, एवढंच माझं मागणं होतं.

पिकअप निवडायला जायचं ठरलं तेव्हा मी म्हटलं, मीही येते. यांनी चकित होऊन बघितलं, पण आनंदाने.

गिटारी दुरुस्त करणारी बाई लेकीच्या वयाची. एका जिन्याखालच्या खोलीत तिची कार्यशाळा. भिंतीवर उघड्या पोटाच्या गिटारी टांगलेल्या, टेबलावर भिंग लावलेला दिवा, आणि तिच्या बोटांवर डाख देताना पोळल्याचे डाग. माझ्या बोटांवर सुईचे आहेत, त्यामुळे ती मला लगेच आवडली. हे रिक्षातून गिटार उतरवून आणेपर्यंत मी तिला गाठलं.

"तीन प्रकार आहेत काकू," ती म्हणाली. "एक दणदणीत, एक चमकदार, एक मऊ."

"मऊ म्हणजे कितीही बटणं फिरवली तरी टोचणार नाही असा?"

"साधारण तसाच."

"मग यांनी कुठलाही निवडू दे, तू तो मऊच बसव. वरचं झाकण सगळ्यांचं सारखंच दिसतं ना?"

तिने भिंगातून माझ्याकडे बघितलं. "काकू, मी असलं करत नाही."

"मीही करत नाही. पण आज कर." आणि मग मी तिला कानांचं सांगून टाकलं. "तूच सांग ना त्यांना. सोनाराने कान टोचलेले बरे."

"मी नाही टोचणार," ती म्हणाली. "त्यांनाही नाही आणि फसवणारही नाही." तेवढ्यात हे आले.

तिची पद्धत चांगली होती. दर वेळी डाख न देता खटका लावून पिकअप बदलता येतील अशी तिने वायरींची सोय केली होती. हे स्टुलावर बसले, मी समोरच्या मोडक्या सोफ्यावर, खिडकीचा उजेड तोंडावर घेऊन. मी ठरवलं होतं की चेहऱ्यावर काही दाखवायचं नाही.

पहिला दणदणीत. यांनी आपली नेहमीची संथ धून वाजवली. खिडकीची काच थरथरली. "हा जरा भांडखोर आहे," हे म्हणाले. "घरात एक आहे."

दुसरा चमकदार. पहिल्याच सुराला माझ्या दाढेत कळ गेली. हे मात्र खुलले. ओठ पुढे आला, डोळे मिटले, धून अर्ध्यावर आली. मग यांनी डोळे उघडले, समोर बघितलं आणि वाजवता वाजवता थांबले. "हा मला फार आवडला," हे हळूच म्हणाले. "किती दिवसांनी सगळं स्वच्छ ऐकू आलं."

दुरुस्तीवाली माझ्याकडे बघेना.

तिसरा मऊ. तीच धून, पण आता थंडीत कोणी अंगावर शाल टाकावी तशी. माझे खांदे खाली आले. यांनी पूर्ण धून वाजवली, एकदाही डोळे न मिटता, आणि तारांवर हात ठेवून आवाज थांबवला.

"हा मळका आहे," हे म्हणाले. "जुन्याहून मळका. हाच बसव."

दुरुस्तीवाली माझ्याकडे बघायला लागली. माझ्याच्याने राहवलं नाही. "अहो, मळका वाटतो तर तो कशाला? दुसरा आवडला ना तुम्हाला?"

"मला आवडला. तुला नाही आवडला."

"मी काही म्हटलं तरी का?"

"तू कुठे म्हणतेस? तूच सांगतेस ना, गिऱ्हाईक काय बोलतं ते ऐकायचं नाही, चेहरा बघायचा. दुसऱ्याला तुझी आठी अशी पडली की मला वाटलं आता झाडांना पाणी घालायला जावं. आणि तिसऱ्याला तुझं कपाळ इस्त्री केल्यासारखं झालं. इतकं सरळ मी लग्नात पण बघितलं नव्हतं."

हे गिटारीकडे बघत म्हणाले, "मशीनचा दिवा लुकलुकताना मला दिसतो. तू दुकानातून ओरडतेस, म्हणजे ते वाजत असणार. मला काही ऐकू येत नाही. कधीपासून येत नाही तेही आठवत नाही. त्या दिवशी तू काही न बोलता ते बंद केलंस, तेव्हा कळलं की तुलाही कळलंय."

"मग बोलायचं होतं!" माझा आवाज एवढा चढला की भिंतीवरच्या गिटारी गुणगुणल्या.

"तू वाजवणं सोडायला लावशील असं वाटलं ना," हे म्हणाले. "आणि सोडायचं नव्हतं मला."

मी त्या मोडक्या सोफ्यावर रडले. दुरुस्तीवालीने पाण्याचा पेला पुढे केला आणि भिंगाचा दिवा लावून मऊ पिकअपला डाख द्यायला बसली.

कानाच्या डॉक्टरांकडे मी यांना धरून नेलं. यंत्र मिळालं. त्यातून मशीन ऐकू येतं, मी ऐकू येते, पण गिटार पत्र्याच्या डब्यात वाजल्यासारखी येते म्हणून वाजवताना हे ते काढून ठेवतात. बँडला यांनी स्वतःच सगळं सांगितलं. दंतवैद्य म्हणाला, "मग आम्ही काय करायचं?" हे म्हणाले, "काही नाही. हिला पहिल्या रांगेत मधोमध बसवायचं, आणि हिच्यावर थोडा उजेड ठेवायचा."

तशी मी सभागृहात बसले, कपाळावर दिवा घेऊन. शेजारची बाई विचारत होती मी कोण. पहिल्या गाण्यात आवाज जरा टोचला, माझी आठी पडली, यांनी माझ्याकडे बघत करंगळीने एक बटण किंचित फिरवलं. आठी गेली. दंतवैद्य मागून हसला. दुसऱ्या, तिसऱ्या गाण्याला बटणाला हात लावावा लागला नाही.

मग ती संथ धून आली. मऊ, भरलेली, आणि वर तो पुढे आलेला ओठ. मी वर्षानुवर्षं भिंतीपलीकडून ऐकली होती, शिवणाच्या मशीनवर पाय मारत, दार लावून घेत. आता एवढ्या लोकांत हा माणूस ती वाजवत होता आणि स्वतःला अर्धीच ऐकू येत होती. मला आवरेना. डोळे भरले, चेहरा पार गोळा झाला.

यांनी बघितलं आणि घाबरून बटण फिरवलं. माझा चेहरा तसाच. यांनी आणखी फिरवलं. गाणं मळायला लागलं, खरंच मळायला लागलं, सगळ्यांना ऐकू येईल असं. दंतवैद्य यांच्या पाठीकडे बघत राहिला. हे माझ्याकडे बघत आणखी बटण पिळत होते.

"अहो, ते रडणं आहे!" मी पुटपुटले, पण यांना ते कुठून ऐकू जायला. मी पदराने डोळे खसाखसा पुसले, दात आवळून कपाळ सरळ केलं आणि जमेल तेवढं हसले.

यांनी बटण परत फिरवलं. धून पुन्हा स्वच्छ झाली. ती संपेपर्यंत मी रडले नाही.