छातीवरचा वार

माझा लेक लिंगराज वालूरच्या तालमीत फरी-गदका खेळायचा. डाव्या हातात चामड्याची लहानशी ढाल, ती फरी. उजव्या हातात चामडं मढवलेली काठी, ती गदका. तलवारीचाच खेळ, फक्त रक्त निघत नाही. निजामाच्या अमलात तालमींवर पोलिसातल्या अमीनसाहेबांची नजर असायची, पण त्या साली मुकाबल्याला इजाजत मिळाली. जर्मनी मुलखात देशोदेशीच्या खेळाडूंचा मोठा मेळा भरणार होता. तिथं तलवारबाजीचे सामने होते, आणि आपल्याकडचे खेळ दाखवायला वऱ्हाडातून एक पथक निघणार होतं. त्यात आमच्या भागातला एकच गडी घेणार, असं सेलूच्या शाळेचे हेडमास्तर व्यंकटराव यांनी कळवलं. सेलूच्या मैदानात जो जिंकेल तो जाणार.

लिंगराजला त्या दिवसापासून दुसरं काही सुचेना. त्याच्या वडिलांनी दुकानात बसवलं तरी हा कापड मोजायचा गजच फिरवत राहायचा. धाक एकाचाच होता, पेडगावच्या भुजंगाचा. कुणब्याचं पोरगं, अंगानं किडकिडीत. पण त्याचा सरळ छातीवर येणारा वार कुणाला अडवता येत नाही, असं लिंगराजच जेवताना सांगायचा.

मुकाबल्याचा दिवस सोमवारचा. माझा निरंकार उपास होता, तरी गेले. बायकांच्या बाजूला शेजारच्या कस्तुराबाईजवळ बसले. आधीचे गडी लिंगराजनं आणि भुजंगानं सहज हरवले आणि शेवटी ते दोघेच उरले. अंगाला काठी लागली की एक मार, आणि आधी पाच मार करील तो जिंकला.

मैदानात उतरण्याआधी लिंगराजनं सदऱ्यात हात घातला आणि इष्टलिंगाची चांदीची डबी बाहेर काढून छातीवर सोडली.

आम्हा लिंगायतांत लेकरू जन्मलं की त्याच्या गळ्यात लिंग बांधतात. ते मरेपर्यंत उतरत नाही. ते फुटलं तर माणसानं प्राण ठेवू नये, असं जुनी माणसं सांगतात, आणि हे गावोगावच्या कुणब्यांनाही आमच्याइतकंच ठाऊक असतं. लिंगराज डबी नेहमी सदऱ्याच्या आत ठेवायचा, खेळताना तर वरून फडकं गुंडाळून. मी रोज त्याच्या शेजारी पूजेला बसते. अशी उघड्यावर काढलेली मी कधी पाहिली नव्हती.

कस्तुराबाईनं बसल्या जागी हात जोडले. म्हणाली, “पोरगं लय भक्तीचं हाय गं महादेवी. देवाला पुढं करून उतरलंय.”

मलाही आधी बरंच वाटलं. मग भुजंगाची काठी सरळ आली आणि छातीच्या वीतभर अलीकडं थांबली, जणू कुणी मागून त्याची मूठ धरली. तेवढ्यात लिंगराजनं त्याच्या खांद्यावर मार केला. पुन्हा तसंच झालं. तिसऱ्या वेळी मी नीट पाहिलं. लिंगराज फरी मुद्दाम खाली धरत होता. छाती उघडी टाकून, तिथंच वार यावा म्हणून वाट बघत होता.

पुढं भुजंगानं छातीचा नाद सोडला आणि पायांवर मारायला लागला. ते त्याला साधत नव्हतं. लिंगराज जिंकला. लोकांनी महादेवाचा गजर केला. माझ्या तोंडून तो निघाला नाही.

गर्दीतून वाट काढत भुजंग माझ्याकडं आला. पाया पडला. घामानं निथळत होता. मला वाटलं, काही बोल लावील. लावला असता तर सोसला असता.

“काकू, डबीला लागलं न्हाई ना?” त्यानं विचारलं. “एकदा टोक टेकल्यागत वाटलं मला.”

मी नुसती मान हलवली. त्याच्या डोळ्याला डोळा देणं मला जमलं नाही.

घरी आल्यावर ह्यांनी दुकानापुढं साखर वाटली. मी लिंगराजला चुलीपाशी बोलावून हळूच विचारलं. तो आधी हसला, मग चिडला. नियमात डबी आत ठेवा असं कुठंय, असं म्हणाला. मी भुजंगाला मारू नको म्हणलो का, असंही वर विचारलं.

“तू न्हाई म्हणलास,” मी म्हणाले. “देवाला म्हणायला लावलंस.”

तो उठून गेला. ह्यांच्या कानावर गेलं तेव्हा ते म्हणाले, गावाचं नाव निघालंय, आता उकरू नका. मी उकरलं नाही. पण दुसऱ्या दिवशी सकाळी लिंगराज पूजेला बसला, डबी हातात घेतली आणि त्याच्यानं ती उघडवेना. बेल सुकत राहिला. मग खाली बघतच म्हणाला, “आई, पेडगावला चल माझ्यासंगं. मला एकट्याला जमायचं न्हाई.”

सेलूहून गाडीनं पेडगावला उतरलो. भुजंग खळ्यावर होता. त्याची आई धुरपताबाई, तिला माझा नेम ठाऊक. बाहेरचं शिजलेलं खात नाही म्हणून तिनं केळी आणली, पाण्यासाठी तांब्या नवा घासून आणला. आमच्या देवाची आब ह्या घरात राखली जात होती. माझ्यानं हातातलं केळं सोलवेना.

लिंगराजनं सांगायला तोंड उघडलं, पण भुजंगानंच अडवलं.

“मला ठावं हाय. डबी भाईर काढलीस तवाच कळलं.”

“मग मारलं का न्हाईस?”

“कळलं म्हणून मारता येतंय व्हय, येड्या?”

लिंगराजनं खळ्यातली एक काठी उचलून त्याच्यापुढं धरली. डबी आत घालतो, ह्याच जागी पुन्हा खेळू, म्हणाला. भुजंगानं काठी घेतली नाही.

“आता तू आत घाल न्हाईतर घरी ठेवून ये. मला छाती दिसायची न्हाई, डबीच दिसंल. त्यो वार गेला माझा.”

हे त्यानं रागानं म्हटलं नाही. एखादा बैल गेल्याचं सांगावं तसं सांगितलं. लिंगराजनं काठी खाली ठेवली. मग म्हणाला, जर्मनीला तूच जा. हरलेल्याला कोण नेईल, भुजंग म्हणाला, आणि लोक इचारतील त्याचं काय?

“लोकांना मी सांगतो,” लिंगराज म्हणाला.

परतताना आम्ही सेलूला उतरून थेट शाळेत गेलो. व्यंकटरावांच्या खोलीत मुकाबल्याचे पंच आणि गावातले चार-सहा जण बसले होते, वालूरचेही त्यात होते. लिंगराज मला म्हणाला, तू इथंच बस. मी ओट्यावर बसले. दार उघडंच होतं.

त्यानं काही लपवलं नाही. डबी का काढली, फरी खाली का धरली, सगळं सांगितलं. जागा भुजंगाला द्या म्हणाला. मग एक जण म्हणाला, “वाण्याचं पोरगं शेवटी. तागडीत देवबी घातला.” त्यावर सगळे हसले. वालूरचे जास्त हसले. पंचांनी विचारलं, म्हणजे आमचा निकाल खोटा का? तो म्हणाला, व्हय. व्यंकटराव म्हणाले, भुजंगाचं बघू, पण तुला आता कुठल्याच मैदानात उतरवणार नाही. त्यावरही तो व्हय म्हणाला.

मी पदर डोळ्यांवर ओढला. ओट्यावरून जाणारा-येणारा माझ्याकडं वळून बघत होता, आणि माझी मान वर होत नव्हती. आतलं हसणं थांबलं नव्हतं. मग मनात आलं, तो आता बाहेर येईल, आणि सगळ्यांत आधी माझं तोंड शोधील. मी पदर मागं सारला आणि दाराकडं बघत बसले.