माफीची दोन कडवी

दरवर्षी मे महिन्यात, चेस्टनटच्या झाडांखाली, साऱ्या गावासमोर आल्वारो आपल्या सख्ख्या भावाला माफ करायचा. माफ करून झालं की दोघे दोन वाटांनी घरी जायचे, ते पुढल्या मेपर्यंत एकमेकांशी चकार शब्द बोलायचे नाहीत. असं बारा वर्षं चाललं होतं.

माफी अर्थातच कथेतली. इटलीतल्या लुक्का शहराच्या वरच्या डोंगरात कथा बोलत नाहीत, गातात. ना रंगमंच, ना पडदा. माणसांचं कडं, त्यात गाणारे, एक व्हायोलिन, आणि गाणाऱ्यांच्या पाठोपाठ वही घेऊन फिरणारी सेत्तीमिया. प्रत्येक ओळ आधी ती कानाशी कुजबुजणार, मग गाणारा उंच स्वरात सोडणार. ओळ कितीही तोंडपाठ असो, सेत्तीमियाने दिल्याशिवाय तोंड उघडायचं नाही, हा वाडवडिलांपासूनचा दंडक. एकदा पाद्रीबाबांनी हौसेने साधूचं सोंग घेतलं आणि आपल्याच मनाने पुढे गायले, तर त्यांनाही म्हाताऱ्यांनी सर्वांदेखत थांबवलं होतं.

आल्वारो एकतीस वर्षं साधू व्हायचा, धाकटा देल्मो राजा. राजा साधूवर तलवार चालवतो, मग घाबरून गुडघे टेकतो, आणि साधू मरता मरता त्याला उठवतो:

ऊठ राजा, धर हात,
नको भिऊ या रक्ताला;
मीही गेलो विसरून
कोणी घाव होता केला.

या कडव्यानंतर आणखी एक कडवं, मग मिठी. बायका डोळे पुसायच्या. सगळ्यांना ठाऊक होतं, की देल्मोने बापाच्या मळ्यातला आपला वाटा न विचारता मिलानच्या कामिल्लाबाईला विकला. बापाने लावलेल्या द्राक्षवेली उपटून तिथे पाहुण्यांसाठी पोहायचा तलाव झाला. आणि त्या दिवसापासून हे दोघे गाण्याखेरीज बोलत नाहीत. पण देवाचं नाव घेऊन गायलेला शब्द फुकट जात नाही, असं आल्वारो मानायचा. बी पेरलंय, कधीतरी उगवेल.

यंदा वाट बघायला वेळ उरला नव्हता. देल्मोचे गुडघे गेले होते. सोमवारी मुलगी त्याला कायमचा लिव्होर्नोला नेणार होती. पंचाहत्तरीचा माणूस मुलीकडे जातो, तो काही डोंगर चढून परत येत नाही. आल्वारोने ठरवलं, दुसरं कडवं संपलं की धरलेला हात सोडायचाच नाही. तसाच घरी जेवायला न्यायचा. साध्या बोलण्यात हे त्याला सात जन्मांत जमलं नसतं. त्याने सकाळीच दोघांपुरता ससा शिजत घातला आणि हनुवटीला पांढरी दाढी बांधून निघाला.

चेस्टनटखाली सेत्तीमिया वहीत लाल रेघा मारत बसली होती.

"हे काय गं?"

"कामिल्लाबाईंचा हुकूम. चाळीस मिनिटांत आटपा म्हणाल्या. सकाळी पाहुण्यांना चित्रं दाखवली, आता आपली वाईन आणि आपण, आणि पाचला बस समुद्रावर. पत्रकात छापलंय बघ, सबंध तोस्काना प्रांत एका दिवसात."

"आणि माफी?"

सेत्तीमिया वर बघेना. "साधू मेला की संपलं, असं म्हणाल्या. मेल्यावर कशाला गातो, पाहुण्यांना कळत नाही म्हणे."

"ती दोन कडवी ठेव, सेत्तीमिया. बाकी हवं ते काप. माझी सगळी प्रार्थना काप."

"आल्वारो, अरे, देवळाचं छप्पर त्याच बाई करून देतायत..."

"तो सोमवारी चाललाय."

तिने त्याच्याकडे बघितलं. मग थुंकीने बोट ओलं करून लाल रेघ पुसायचा प्रयत्न केला; रेघ फिसकटली. "ठेवते," ती म्हणाली. "देते मी. तू पड नीट, मागच्या वर्षी कंबर धरून बसला होतास."

पाहुणे प्लास्टिकच्या खुर्च्यांवर बसले. देल्मो पुठ्ठ्याचा मुकुट घालून, लंगडत आला. त्याचा आवाज मात्र अजून करवतीसारखा. आल्वारोला वाटलं, आज हा जास्तच मनापासून गातोय. देल्मोने तलवार उगारली आणि पातं भावाच्या खांद्याला नुसतं टेकवलं. आल्वारो पडला. देल्मोने ते दुखरे गुडघे टेकले.

आणि टाळ्या सुरू झाल्या.

पाहुण्यांना वाटलं, संपलं. कोणी उभं राहिलं, कोणी पडलेल्या साधूचे फोटो काढायला पुढे आलं. कामिल्लाबाईंनी मनगटावर बोट आपटून सेत्तीमियाला घड्याळ दाखवलं. सेत्तीमिया वही उघडी धरून आल्वारोच्या डोक्याशी उभी होती. तिचे ओठ हलले, पण शब्द आला नाही. तिने बाईंकडे बघितलं, देवळाकडे बघितलं आणि पान उलटलं. व्हायोलिनने निरोपाची चाल धरली.

आल्वारो जमिनीवर पडून वाट बघत होता. कडवं त्याच्या जिभेवर होतं. एकतीस वर्षांचं पाठांतर, झोपेतही म्हटलं असतं. समोर भाऊ गुडघ्यांवर, हात अर्धवट पुढे केलेला. म्हणायचं होतं फक्त. पण ओळ मिळाली नव्हती, आणि ओळ मिळाल्याशिवाय आल्वारो जन्मात गायला नव्हता. तो थांबला. देल्मोही थांबला. मग देल्मोने जमिनीला हात टेकले आणि एकट्यानेच, कण्हत, तो उठला.

वाईनच्या मेजाशी दोघे चार हातांवर उभे. मध्ये सेत्तीमिया, रडकुंडीला आलेली. देल्मोने मुकुट काढला आणि तिलाच म्हणाला, पण मोठ्याने, "म्हाताऱ्याला विचार, यंदा माफी बसच्या वेळेत बसली नाही वाटतं?"

बारा वर्षांत पहिल्यांदा त्याने न गाता काही विचारलं होतं. दार किलकिलं झालं होतं. आल्वारोला तेही कळलं. तो म्हणणार होता, चल घरी, जेवायला. पण बारा वर्षांची सवय जिभेवर आधी पोचली.

"त्याला सांग," तोही सेत्तीमियालाच म्हणाला, "बस कोणाच्या मळ्यात उभी आहे ते आधी बघून ये म्हणावं."

देल्मोने हातातला पेला न पिता मेजावर ठेवला. खेळ बघायला आलेल्या त्याच्या मुलीने गाडीचं दार उघडलं. आत बसताना त्याला दोनदा प्रयत्न करावा लागला, आणि आल्वारो जागचा हलला नाही.

देल्मो त्याच दिवशी लिव्होर्नोला निघून गेला; सोमवारी मुलगी सामान न्यायला एकटीच आली.

पुढच्या शनिवारी दुसरी बस आली. कामिल्लाबाई खुशीत होत्या. "आजोबा, एका पाहुणीनं लिहिलंय, शेवट फार दुःखी वाटला. तुमची ती गोड कडवी होती ना, ती घाला परत. वेळ काढू आपण."

राजा म्हणून त्यांनी आपला स्वयंपाकी दिला, नापोलीचा चिरो. मुकुट त्याच्या भुवयांवर येत होता. आल्वारो पडला, चिरोने गुडघे टेकले, आणि सेत्तीमिया वाकून आल्वारोच्या कानाशी आली. या वेळी तिने ओळ स्वच्छ दिली, एकही अक्षर न गाळता.

आल्वारोने पहिलं कडवं गायलं. चिरोने धरलेल्या हाताला कांद्याचा वास येत होता.

"अजून किती आहे, आजोबा?" तो हळूच म्हणाला. "आत रस्सा उतू जाईल."

"एक," आल्वारो म्हणाला, आणि त्याने दुसरंही पूर्ण गायलं.