मला सोडता येत नाही

मी धारा काढणारं मशीन बोलतोय. बोलतोय खरा, पण जीव मुठीत धरून. तुम्ही म्हणाल, मशीनला कसली आली भीती? मला आहे. मला माझीच भीती वाटते.

माझा जन्म एका पत्र्याच्या शेडमध्ये झाला. मोटार एकीकडची, नळ्या दुसरीकडच्या, आणि सडातून दूध खेचणारी ओढ कमी-जास्त करणारा व्हॉल्व्ह तर भलत्याच मॉडेलसाठी आणलेला. तो तेव्हापासूनच अडकायचा. जोडणाऱ्या कारागिराने वर सांगितलंही, पण "चालतंय, पाठव" एवढंच उत्तर आलं. मग माझ्या पोटावर 'तपासले' असा स्टिकर लागला, खाली माझा नंबर. खरं तर मला एकदाही कुणी चालवून पाहिलं नव्हतं. हाताने ओढ तोडायची चावी असते, तीही मला दिली नाही. ऑटोमॅटिकला चावी कशाला, म्हणे!

तिथून मी बेडश्याला मुक्ताबाईंच्या घरी आलो. चाळीस वर्षं धारा काढून त्यांची बोटं वाकडी झालेली, मुलगा कैलास आंबीच्या कारखान्यात पाळ्यांमध्ये अडकलेला, आणि गोठ्यात तीन गाई. मला आणलं ते आईच्या हातांना आराम म्हणून.

कंपनीच्या माणसाने सडांना लावायचे माझे चारही कप पाण्याच्या बादलीत बुडवले. पाणी सरसर वर चढलं आणि सगळे खूश झाले. "दूध संपलं की आपोआप सुटतं बघा, मावशी," असं म्हणत त्याने कप स्वतःच्या हाताने बाहेर काढले. ते कुणाच्याच लक्षात आलं नाही. गाईवर चालवून दाखव, असंही कुणी म्हणालं नाही. दारी आलेल्या माणसावर अविश्वास कसा दाखवायचा! उलट त्याला चहा दिला, नारळ फोडला आणि मला हळदकुंकू लावलं. कुठे कुठे सह्या हव्यात विचारून कैलासने तेवढ्याच जागी सह्या केल्या.

पहिले दोन महिने बरे गेले. कप लावताना मुक्ताबाई मला म्हणायच्या, "दमानं रं बाबा." मीही दमाने घ्यायचो. व्हॉल्व्ह कधी कधी चिकटायचा, पण सुटायचा.

खंडेनवमीला घरातली सगळी अवजारं पूजेसाठी घासूनपुसून मांडतात. विळे, कोयते, कुदळ आणि त्यांच्या रांगेत मी. नव्या भांड्यावरचं लेबल बायका खरवडून काढतात, तसा मुक्ताबाईंनी माझा स्टिकर कोमट पाण्याने भिजवून काढला. राहिलेला चिकटा राखेने घासला. मी लख्ख झालो. नंबर मोरीतून वाहून गेला.

दिवाळी झाल्यावर एका सकाळी ते घडलं. लाडी म्हणजे गोठ्यातली सगळ्यात गरीब गाय. मला तिच्या सडांना लावून मुक्ताबाई पेंड आणायला घरात गेल्या. दूध संपलं. आता सोडायचं, हे मला कळत होतं, पण व्हॉल्व्ह हलेना. कोरडे सड मी ओढत राहिलो. लाडी आधी पाय आपटायला लागली, मग हंबरली. मुक्ताबाई धावत आल्या, त्यांनी वायर उपसली, तरी टाकीतली ओढ काही लगेच संपेना. कप निघाले तेव्हा एक सड काळानिळा पडला होता.

डॉक्टर आठ दिवस येत होते. बाकीचे सावरले, तो सड कायमचा बंद झाला. आता साधा हात लावला तरी लाडी थरथरते. तिला तसं मी केलं. हे मी कुणाला सांगू?

कैलासने फोन लावला तर पलीकडून पहिला प्रश्न, "नंबर सांगा." नंबर नाही म्हटल्यावर, "मग मशीन आमचंच कशावरून?" दहा फोनांनंतर तोच बादलीवाला माणूस आला, गोड बोलत. "हे परत द्या, दुसरं देतो. तक्रार नाही, एवढं लिहून द्या."

कैलास तयार झाला होता. मुक्ताबाईंनी विचारलं, "आन् ह्येचं काय करनार?"

"दुरुस्त करून, रंग मारून देऊ कुणाला तरी."

"कुनाला?"

त्याने लिहून घ्यायचा कागद कैलासपुढे सरकवला. मुक्ताबाई माझ्यावर हात ठेवून उभ्या राहिल्या. "हे हितनं हलनार न्हाई."

प्रकरण ग्राहक आयोगात गेलं. तुम्ही दूध विकता, म्हणजे हा धंदा, तेव्हा तुम्ही ग्राहकच नव्हे, असं कंपनीने लिहून दिलं. वकील अनिताताईंनी उलट मांडलं, की स्वतः राबून पोट भरायला घेतलेली वस्तू आहे, कायदा यांना ग्राहकच मानतो. नंबराचं बिलावरून बघू, आधी मशीन तपासा, असा आदेश झाला.

गेल्या मंगळवारी अकरा वाजता आयोगाने पाठवलेल्या तपासणीच्या मॅडम आल्या. मला अंगणात मांडलं. "गाईवरच चालवा," कंपनीचा माणूस म्हणाला. "दोष गाईत असेल." कैलास लाडीला सोडायला निघाला. लाईट जावी म्हणून मी देवाचा धावा केला. एरवी कधीही जाते, त्या दिवशी गेली नाही.

"थांब कैलास, गाय न्हाई आनायची." मुक्ताबाई पुढे झाल्या, खाली बसल्या आणि माझ्या कपात त्यांनी स्वतःचा अंगठा घातला. "करा चालू."

मॅडम नको म्हणत होत्या, तेवढ्यात मुक्ताबाईंनीच दुसऱ्या हाताने बटण दाबलं. मी ओढायला लागलो. अंगठ्यात दूध कुठलं असणार? लगेच सोडायला हवं होतं. मी सगळा जोर लावला, मोटार कण्हायला लागली, पण व्हॉल्व्ह हलला नाही.

"बंद करते मी," मॅडम म्हणाल्या.

"मदी पडू नगा. आपनहून सोडतंय म्हनं. सोडू द्या."

अंगठा लाल झाला, मग जांभळा. त्यांच्या कपाळावर घाम आला. कंपनीचा माणूस ओरडला, "मावशी, काढा बोट, लय लागंल!"

मुक्ताबाईंनी मान वर केली. "गाईला म्हनलं का कोनी असं?"

मॅडमनी पिशवीतली कात्री काढून माझी नळी कापली. तेव्हा कुठे तो हात सुटला. कागदावर त्यांनी लिहिलं, 'आपोआप सुटले नाही.' मला सुतळीने बांधून सील ठोकलं. मुक्ताबाईंचं नख काळं पडलंय. बाकीच्या वाकड्या बोटांनी आता त्या स्वतःच धारा काढतात.

निकाल अजून लागायचा आहे. दारात टेम्पो थांबला की वाटतं, आले मला न्यायला. त्याच शेडमध्ये, त्याच आठवड्यात, तोच व्हॉल्व्ह लागलेली माझी भावंडं कुठल्या कुठल्या गोठ्यांत गेली, कुणाला माहीत. ती बोलत नाहीत. म्हणून तुम्हाला हात जोडून सांगतो, पाहुणचार मागाहून करा. आधी आमच्या कपात विकणाऱ्याचा अंगठा घालायला लावा.

आणि माझं म्हणाल, तर मला भंगारात घाला, माझे तुकडे करा, मी हूं की चूं करणार नाही. फक्त रंग तेवढा मारू देऊ नका. नवा दिसलो, तर मला कुणीतरी घेईल.