उपादानाच्या पाटीला चिकटलेल्या बाई

फस्स, म्हणजे स्पर्श.
बाईंचा उजवा तळवा पाटीला लागला. बस, एवढंच झालं.

(थोडं मागे जाऊ. बाई वाचनालयाच्या वरच्या खोलीत बुद्धाच्या शिकवणुकीतल्या मूळ पाली संज्ञा शिकवतात. दुःख कशातून कसं उपजतं याच्या बारा कड्या: मोठ्या फळ्यावर गोलात चिकटवलेल्या बारा लाकडी पाट्या. आज फळा जिन्यातून वर नेताना एक पाटी निसटली. बाईंचे यजमान गोंदाच्या कारखान्यात तपासनीस, सगळे त्यांना चिकटराव म्हणतात. नवा नमुना खिशात होताच. "दाबून धर," ते म्हणाले. खोलीत फळा उभा करून बाईंनी ती धरली. कडेनं गोंद बाहेर आला. पाटीवर लिहिलं होतं: 'उपादान, म्हणजे धरून ठेवणं'.)

वेदना.
"आई गं! अहो, सुटेना!"
"ओढू नकोस. कातडी येईल, गोंद यायचा नाही."
"मग सुटणार कधी?"
"हा? सात जन्म तरी नाही."
"सात जन्मांना तुम्ही पुरे होतात की!"

एवढ्यात ग्रंथपाल आल्या. त्यांनी हात पाहिला, पण मुद्दा सोडला नाही. "सहा वाजता मी डोकी मोजणार. दहा नसतील तर मंगळवारपासून ही खोली शिवणवर्गाला." गेल्या वेळी शेवटी चारच उरले होते, त्यातला एक झोपलेला.

अनिच्च, म्हणजे अनित्य.
बाईंनी तसंच उभं राहून वर्ग सुरू केला. "जे जुळून येतं, ते सुटतं."
"माझा गोंद सोडून!" मागून चिकटराव.
वर्ग खो खो हसला. अकरा माणसं, अकराही जागी. सगळ्यांचे डोळे त्या हातावर.

अनत्ता, म्हणजे 'मी' असं काही नसणं.
"हा हात मी नाही, हा हात माझा नाही."
वर्गातले एक दंतवैद्य उठले. "मग ओढू का? मला सवय आहे."
"खबरदार!"

निब्बान.
(म्हणजे निर्वाण, सुटका. याचीही पाटी नाही. ती बाराच्या गोलात बसत नाही.)

तण्हा, म्हणजे तृष्णा, हाव.
सहाला दहा कमी. तळव्याखाली गार वारा शिरला. सुटला! बाईंना आनंदानं उडी मारावीशी वाटली. मग त्यांनी खोलीकडे पाहिलं. वर्गातला निवृत्त पोस्टमन मांडीवर पिशवी घेऊन निघायला तयारच होता. हात निघाला की तमाशा संपला, आणि तमाशा संपला की वर्ग.

बाईंनी तळवा परत दाबला.

उपादान.
दहा मिनिटं. बाईंनी तळवा पाटीवर रेटून धरला. कपाळावर घाम. बोलत होत्या मात्र सोडून देण्याबद्दल.
चिकटरावांनी पाटीच्या कडेला सुकून सुटलेल्या गोंदाचा पांढरा भुगा पाहिला. तपासनिसाची नजर ती. त्यांनी तोंड उघडलं, बायकोकडे पाहिलं, मिटलं. मग छाती काढून म्हणाले, "बघा! हलतोय का जरा तरी?"

"...नऊ, दहा, अकरा," ग्रंथपालांनी मोजलं. "बरं. खोली तुमची."

बाईंनी हात खाली घेतला.

"अहो, सुटला कसा?" पोस्टमन ओरडला.
"सोडला," बाई म्हणाल्या आणि बोटं चोळत बसल्या.

जिन्यात चिकटरावांनी नमुन्याच्या बाटलीवर लिहिलं, 'पन्नास मिनिटं. नापास.' आणि ती कचरापेटीवर धरली.

बाईंनी झडप घातली. "राहू द्या हो. मंगळवारी लागेल."