कॅप्टनचं तांब्याचं कडं

तिसऱ्या गिअरमध्ये! दातांच्या डॉक्टरांची जुनी ब्रिटिश गाडी टेकडीचा चढ तिसऱ्या गिअरमध्ये चढून गेली आणि खाली जमलेल्या पन्नास-साठ माणसांनी टाळ्यांचा कडकडाट केला. थोड्या वेळापूर्वी हीच गाडी दुसऱ्या गिअरमध्ये धापा टाकत होती. मध्ये घडलं होतं एवढंच, की कॅप्टनने तिच्या पेट्रोलच्या नळीवर तांब्याचं कडं चढवलं होतं.

हा कॅप्टन जहाजावरचा की क्रिकेटचा, हे कुणी विचारलं नाही. हातात पांढरे हातमोजे, तोंडात साखर. "इंजिनालासुद्धा प्राण असतो, मंडळी! तुमच्या गाडीचा श्वास कोंडलाय. या कड्यातून गेलं की पेट्रोलचा कण न् कण जागा होतो. आता सात पावलं मागे व्हा आणि डोळे मिटा. माणसाच्या नजरेनं लहरी बिघडतात." मग बॉनेट उघडून, त्यावर काळं कापड पांघरून तो आत डोकं घालायचा.

शिकलीसवरलेली माणसं मुकाट डोळे मिटून उभी राहायची. मीही मिटले होते, कबूल करते.

माझे बाबा गावातल्या अशा जुन्या गाड्यांचे मिस्त्री. त्यांच्याच हाताखाली मी काम शिकले. कॅप्टन आल्यापासून आमच्या वर्कशॉपकडे कुणी फिरकेना. महिन्याभरात डॉक्टरांच्या इंजिनाच्या पिस्टनला भोक पडलं, तेव्हा कॅप्टनने हळहळत निदान केलं, "आधीच्या मिस्त्रीचा हात जड. म्हणून नवी ताकद पेलली नाही." डॉक्टरांनी बाबांशी बोलणंच टाकलं.

मला संताप आला. बाबांना आला नाही, ते जास्त वाईट होतं. पाना हातात धरून नुसते बसून राहायचे. एकदा म्हणाले, "गाडी चढली हे मी स्वतः पाहिलं गं. मग मीच आयुष्यभर या इंजिनांची ताकद दाबून ठेवली का?"

गाडी खरोखरच चढली होती, अडचण तीच होती.

मग एका सकाळी पोस्टाच्या मावशी आल्या. पोस्टातून निवृत्त झालेल्या, म्हणून सगळे त्यांना तसंच म्हणत. कडं त्यांनीही बसवलं होतं.

"चढावर डब्यात खडे खुळखुळल्यासारखा आवाज येतो गं," त्या कुरकुरल्या.

मी कडं काढून खिशात टाकलं आणि त्यांना शेजारी बसवून टेकडीवर गाडी घातली. गाडी तिसऱ्या गिअरमध्येच चढली. खुळखुळाटही तस्साच.

"अगं, पण कडं तर तुझ्या खिशात!"

"तेच तर, मावशी. कड्याचा यात काही हात नाही. हात दुसऱ्याच कुणाचा आहे."

परत येऊन टायमिंगच्या दिव्यानं तपासलं, तर इंजिनात पेट्रोल पेटवणारी ठिणगी ठरल्यापेक्षा खूप आधी पडत होती. तो क्षण ठरवणारा डबा म्हणजे डिस्ट्रिब्युटर. बाबांनी चष्मा लावून वाकून पाहिलं. डबा जागेवर घट्ट धरणाऱ्या स्क्रूवर ताजे ओरखडे होते.

"हा मी पिळलेला नाही," बाबा सावकाश म्हणाले. "कापडाखाली हे चालतं होय!"

पण संशय म्हणजे पुरावा नव्हे. मावशी म्हणाल्या, "ते माझ्यावर सोड. मी जन्मभर टपालाच्या थैल्यांना सील ठोकलंय."

रविवारी त्यांच्या बहिणीच्या गाडीला कडं बसायचं होतं. सकाळीच मावशींनी डॉक्टरांना जवळपास ओढूनच आणलं. "मिस्त्री स्वतःची चूक झाकताहेत," डॉक्टर पुटपुटत होते. त्यांच्यादेखत मावशींनी स्क्रूवर लाखेचा थेंब सोडून ठसा उमटवला. लाख काळी, तेलकट घाणीत मिसळून जाणारी.

मग रोजचाच खेळ झाला. सात पावलं, काळं कापड, तिसरा गिअर, टाळ्या.

"आता बॉनेट उघडा," मावशी म्हणाल्या.

डॉक्टर वाकले. लाखेचे दोन तुकडे झाले होते.

"लहरींच्या उष्णतेनं वितळली असेल," कॅप्टन हसला.

"वितळलेली लाख ओघळते, कॅप्टनसाहेब. हिच्या कडा बघा, बोटाला टोचतील. ही तुटलीय," मावशी म्हणाल्या.

माणसं एकमेकांकडे बघू लागली. तेव्हा बाबा पुढे झाले. "पिस्टन वर पोचायच्या बेतात असताना ठिणगी पडावी लागते. ती थोडी आधी पाडली की जोर वाढतो. त्याला जादू लागत नाही, पाना पुरतो. पण फार आधी पाडली, तर वर येणाऱ्या पिस्टनवरच घण बसतात. खुळखुळाट त्या घणांचा असतो. असे घण सोसून पिस्टन शेवटी फुटतो. ताकद वाढवायचीच असेल तर कार्बुरेटर साफ करा, व्हॉल्व्ह नीट बसवा. वेळ लागतो, पण इंजिन टिकतं."

कॅप्टनला अचानक महत्त्वाचं काम आठवलं. गर्दीतून तो निघून गेला, आणि खोटं कशाला बोलू, "कडं राहू दे की, असून काय बिघडतंय!" म्हणणारेही चार जण भेटलेच. डॉक्टर मात्र दुसऱ्या दिवशी फुटका पिस्टन घेऊन आले. तो त्यांनी बाबांपुढे धरला. बाबांनी पिस्टन उलटसुलट करून पाहिला आणि म्हणाले, "ठेवून जा. होईल."

परिणाम खरा होता, म्हणून सांगितलेलं कारणही खरं, असं आम्ही सगळे धरून चाललो. कडं काढून गाडी चढवून बघायला मला अर्धा तास लागला. तो अर्धा तास कॅप्टन आला तेव्हाच काढला असता, तर डॉक्टरांचं इंजिन वाचलं असतं आणि बाबांचे ते दिवसही. तुमच्याकडे कुणी असं काही घेऊन आलं, मग ते गाडीसाठी असो की दुखऱ्या गुडघ्यासाठी, तर तेवढा अर्धा तास काढा.